बंद घरातली मावशी

आमच्या बाई भुताच्या कादंबऱ्या लिहायच्या आणि फुग्याला घाबरायच्या. हसू नका, खरं सांगते. शाळेत झेंडावंदनाला कुणी हौसेनं फुगे लावले की बाई मैदानाच्या पार त्या टोकाला, दोन्ही कानांत बोटं घालून उभ्या. इकडं हेडमास्तरांचं भाषण रंगात आलेलं, आणि बाईंची बोटं कानांत. हेडमास्तर बिचारे समजायचे, आपलं बोलणं या बाईला ऐकवत नाही. तेही कारण असेल थोडंफार, मी शपथ घेऊन नाही सांगणार.

शिरूर कासारला आमच्या शाळेत बाई भूगोल शिकवायच्या. अंबाजोगाईकडच्या, बदलीनं आल्या, आमच्या गल्लीत, आमच्या बरोबर समोरच्या घरात भाड्यानं राहिल्या, पुढं ते घरच विकत घेतलं आणि परत म्हणून गेल्या नाहीत. एकट्याच. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं बघ." जसं काही दुधाची पिशवी आणायची राहून गेली. पुस्तकावर त्यांचं वडिलांच्या नावासकट लांबलचक नाव छापलेलं असायचं, पण आमच्या गल्लीत शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मीही इथं बाईच म्हणणार. त्या आता नाहीत, पण असत्या तरी दुसऱ्या नावानं हाक मारली असती तर मागं वळून बघितलं नसतं त्यांनी.

भुताचं लिहिणारा माणूस म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढं अंधार, मेणबत्ती असलं काहीतरी येणार. बाई लिहायच्या दुपारी. शाळा सकाळची असली की जेवण उरकून, दार सताड उघडं टाकून ओट्यावर बसायच्या. चैत्रातलं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि बाई मांडीवर पाट घेऊन लिहितायत. मी एकदा विचारलं, "बाई, रात्री कावून लिहीत न्हाई तुम्ही?" तर म्हणाल्या, "रात्री तर कुत्रंही घाबरतं. त्यात माझं काय कौतुक? जेवून सुस्त झालेल्या, घामानं निथळणाऱ्या माणसाच्या पाठीतून भर दुपारी थंडी गेली पाहिजे. मग म्हणायचं, जमलं."

त्यांचे नियम होते. भूत दाखवायचं नाही; त्यानं वापरलेला ओला टॉवेल दाखवायचा. भूत दाराशी आलं असं लिहायचं नाही. घरातल्या माणसानं नकळत एक भाकरी जास्त थापली असं लिहायचं. अमावस्या, पिंपळ, पैंजण आणि पांढरी साडी या शब्दांना त्यांच्या घरात बंदी होती. पांढऱ्या साडीवरून तर चिडायच्याच. "आपल्या गल्लीतली सखूआजी जन्मभर पांढऱ्या साडीत वावरली. तिला कुणी घाबरतं का? पोरं तिच्या मागं गोळ्या मागत फिरतात." माझ्या निबंधात मी एकदा 'भयानक अंधार' लिहिलं होतं. बाईंनी 'भयानक'वर काट मारली. म्हणाल्या, "भयानक म्हटलंस की वाचणारा म्हणतो, बरं, असेल. आणि पुढं जातो." भूगोलाच्या बाई, पण मराठीचे निबंध तपासायची खाज भारी. मराठीचे सर त्यावरून रुसून बसले होते.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, वाचणाऱ्याला आधी जेवू घालायचं. बाईंच्या कुठल्याही कादंबरीची सुरुवात काढा, नुसता स्वयंपाक. ठेचा कुटतायत, धपाटी भाजतायत, ताकाला फोडणी पडतेय. वाचता वाचता तोंडाला पाणी सुटतं. "पोट भरलेला माणूस बेसावध असतो," बाई म्हणायच्या. स्वतःला मात्र धड भात शिजवता यायचा नाही. खालून करपलेला, वरून कच्चा. तो त्या लोणच्याबरोबर खायच्या आणि धपाट्यांबद्दल लिहायच्या. कमाल होती बाईची.

लिहून झालं की ते गल्लीतल्या बायकांवर तपासायचं. दुपारी ओट्यावर बायका जमायच्या. कुणी तूर निवडतेय, कुणी वाकळ शिवतेय, आणि बाई वाचतायत. वाचताना तोंडाकडं कुणाच्या बघायच्या नाहीत, हाताकडं बघायच्या. तोंडाचं काय, तोंड खोटं बोलतं. निवडता निवडता हात सुपात थांबला, सुई वाकळीत तशीच राहिली, की बाई त्या ओळीखाली बारीक रेघ मारायच्या.

या बायकांत कौसाबाई पहिल्या नंबरच्या. आमच्या शेजारच्या. गल्लीत सगळ्यांत भित्र्या आणि ऐकायला सगळ्यांच्या आधी हजर. एकदा ऐन भरात त्या "आगं माय गं!" म्हणून किंचाळल्या. बाईंनी शांतपणे तो अख्खा परिच्छेद खोडला. कौसाबाईंना लागलं ते. "बाई, मी भ्याले की! कावून खोडलं?"

"भ्यालात, पण ओरडून मोकळ्या झालात. आता घरी जाऊन चहा प्याल. मला तसं नको."

"मग कसं पायजे तुमाला?"

"गप बसायला पाहिजे. आणि घरी गेल्यावर चहा प्यायच्या आधी एकदा मागं वळून बघायला पाहिजे."

कौसाबाई म्हणाल्या, "आता घरी जातच न्हाई मी." खरंच अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या, मग त्यांचा नवरा येऊन घेऊन गेला.

बाईंना मोठा पुरस्कार मिळाला तो सोहळा मी बघितला नाही. तेव्हा मी माय-अण्णांबरोबर उसात होते, म्हणजे आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला. पण कौसाबाईंनी तो इतक्यांदा सांगितलाय की मी तिथं होते असंच आता वाटतं. बाई पुरस्कार घ्यायला एसटीनं गेल्या आणि बरोबर कौसाबाईंना घेऊन गेल्या. मोठं शहर, मोठं सभागृह. पाहुणे म्हणून आलेले साहेब भाषणात म्हणाले, "ही कादंबरी वाचून माझी झोप उडाली. पानापानावर अंगावर काटा आला." बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य, "साहेबांना पानापानावर भीती वाटली असेल तर माझं पुस्तक फसलं म्हणायचं. पहिली बरीच पानं नुसता स्वयंपाक आहे." लोक हसून हसून बेजार. साहेबांनी पुस्तक उघडलंच नव्हतं हे सभागृहाला कळलं. बाईंच्या ध्यानात मात्र आलं नाही आपण काय केलं ते. त्या आपल्या पुढं फोडणीवर बोलत राहिल्या. पुरस्काराची शाल परत येताना कौसाबाईंच्या अंगावर होती, गाडीत गार वारं लागत होतं म्हणून.

आता त्या कादंबरीचं सांगते. नाव तिचं काहीतरी भारदस्त होतं, पण गल्लीत सगळे तिला मावशीचं पुस्तक म्हणायचे. गोष्ट अशी की एक कुटुंब दरसाल ऊस तोडायला जातं आणि घराला कुलूप लागतं. कुलूप लागलं की आत एक मावशी राहायला येते. कुणाची मावशी, कुठली, काही सांगितलेलं नाही. ती कुणाला त्रास देत नाही. घर झाडते, पाणी भरते, चूल पेटवते, आणि माणसं परत यायच्या आत निघून जाते. एका साली टोळी लवकर सुटते. घरातली बाई कुलूप काढून आत येते, चुलीपाशी हात नेते, तर चूल कोमट. बास, एवढंच. पण ते वाचून मोठमोठ्या माणसांनी आपल्या घरातल्या चुली चाचपून बघितल्या म्हणतात.

खोटी गोष्ट खऱ्या दारातून आत न्यायची, हा बाईंचा आणखी एक नियम. त्यांना दार हवं होतं. ओट्यावर बसलं की समोर आमचं कुलूप लावलेलं घर, सहा-सहा महिने. त्यांनी तेच दार लिहिलं. हिरवा रंग, खाली उजव्या कोपऱ्याला ठोकलेला पत्रा, कोयंड्याला माझ्या मायनं बांधलेली लाल चिंधी. सगळं जसंच्या तसं. त्यांना वाटलं, गावात वाचतंय कोण?

आणि खरंच कुणी वाचलं नव्हतं. पण पुरस्काराची बातमी आली, तालुक्याचा एक मोबाइलवर बातम्या करणारा गल्लीत आला, त्यानं ती दाराची ओळ मोठ्यानं वाचली आणि कॅमेरा आमच्या कुलपावर धरला. झालं. बाई तेव्हा शाळेत होत्या. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या तालुक्याच्या मोबाइलमध्ये.

आम्हाला तिकडं उसाच्या फडात काय पत्ता! पाडव्याच्या सुमाराला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा सीझन संपला, ट्रॅक्टरनं आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. आमच्याकडं रीत आहे, सीझनहून माणसं परत आली की शेजारीण दारात येऊन भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायावर पाणी घालते, मग उंबरा ओलांडायचा. दरसाल कौसाबाईच यायच्या. त्या साली आम्ही बोचकी डोक्यावर घेऊन दारात उभे, आणि गल्लीतली दारं अर्धी अर्धी लागलेली. आमच्या कोयंड्याला लिंबू-मिरची, काळी बाहुली. उंबऱ्यावर उदबत्तीची राख, फुटका नारळ, आणि कुणीतरी भक्तिभावानं ठेवलेला हिरव्या बांगड्यांचा जोड. माय बघतच राहिली. "कुनी मेलं का आपल्यातलं?" तिनं अण्णांना विचारलं.

तेवढ्यात समोरून बाई आल्या. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. त्यांना ओवाळता कुठं येत होतं! उलट्याच बाजूनं ओवाळलं, पाणी पायांवर कमी आणि बोचक्यांवर जास्त. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बाई, अख्ख्या गल्लीत तुमी तेवढ्या आल्या. देव तुमचं भलं करो."

बाई म्हणाल्या, "देवाला जरा थांबायला सांगा. हे सगळं माझ्यामुळं झालंय." आणि तिथंच, उंबऱ्याबाहेर, सगळं सांगितलं.

माझी माय तोंडाची तिखट. "आमी तिकडं उसात रगत आटवायचं, अन् तुमी हितं आमच्या घरात भूत बसवायचं? ह्यालाच शिक्षान म्हनतेत का?" बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या हातातला तांब्या घेऊन फेकावा वाटला.

आणि खरी गोष्ट तर मला अजून कळायचीच होती. माझं लग्न ठरलं होतं. लिंबागणेशचा मुलगा, वह्या-पेनाचं दुकान, सीझनला जायच्या आधी सुपारी फुटलेली. आणि मला तो आवडला होता, उगं खोटं कशाला बोलू? बघायला आला तेव्हा पोहे खाताना त्याला ठसका लागला आणि पाणी मागायची लाज वाटली म्हणून डोळ्यांत पाणी येईस्तोवर तसाच बसला, तेव्हाच आवडला होता. आम्ही परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मध्यस्थ आला. मुलाची आई म्हणते, पोरगी चांगली हाय, पण तिच्या मागं त्या घरातलं काय येईल ते सांगता येत न्हाई. थोडं थांबू. आणि थांबू म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं.

बाईंना हे समजलं तशा त्या गल्लीत मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ऐका सगळे! ती मावशी मी बनवलेली आहे. माझ्या डोक्यातली आहे. घरात काही नाही."

मग एक म्हातारा दारातून म्हणाला, "बाई, पर तुमच्या डोक्यात ती घातली कुनी?"

कौसाबाईंकडं गेल्या. "कौसाबाई, तुम्ही तर रोज ओट्यावर होता. तुमच्यापुढं मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. बघितलंत ना?"

"बघितलं की. लिव्हलं तुमीच. पर सांगत कोन हुतं?"

पुरस्कार देणाऱ्यांनी एवढा मान दिला नसेल त्यांना, आणि नेमका तोच गळ्यात अडकला.

मग अण्णांना बरोबर घेऊन त्या लिंबागणेशला गेल्या. म्हणाल्या, मी त्या माउलीला समजावून सांगते. मुलाची आई, म्हणजे आताची माझी सासू, अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. बाई तिच्यापुढं बसल्या आणि गोष्ट कशी रचली ते सुरुवातीपासून उलगडून सांगायला लागल्या. म्हणजे कसं, की आधी फक्त कुलूप दिसलं. मग दुपारी ऊन दारावर सरकताना दिसलं. मग वाटलं, आतली माती किती गार असेल. मग वाटलं, कुणीतरी तिथं पाय पोटाशी घेऊन बसलं असेल तर? मग वाटलं, तिला भूक लागत असेल, तर चूल...

अण्णा सांगायचे, "शेंगा फोडायचा आवाज थांबला की गं. त्या माउलीचा हात असा हवेतच. मी बाईकडं बघितलं, तर बाई त्या हाताकडं बघतेय. अन् गालात हसली! एवढुसं. मी कपाळाला हात लावला. म्हनलं, गेलं लगीन!"

बाईंच्याही लगेच ध्यानात आलं. चेहरा पडला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुमी साध्या हायेत. तुमाला दिसतंय, पर तुमचं तुमाला कळंना." आणि वर बाईंच्या हातावर अंगारा ठेवला.

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. शिरूर जवळ आल्यावर अण्णांना म्हणाल्या, "मला ते खोटं आहे असं सांगताच येत नाही हो. तोंड उघडलं की गोष्टच येते." अण्णा भला माणूस. म्हणाले, "मग गोष्टच सांगा की."

अण्णा सहज बोलले असतील. बाईंनी ते घरी नेलं आणि त्यावर काही दिवस बसल्या.

वैशाखात कौसाबाईंच्या अंगणात उडदाचे पापड लाटायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आम्हाला बोलावणं नव्हतंच. मी आमच्या दारात उभी राहून बघत होते, माय आत भांडी आपटत होती. भर दुपारी बाई खुर्ची उचलून तिथं गेल्या आणि बसल्या. "पुढची गोष्ट सांगते," म्हणाल्या. कागद नव्हता हातात. आजवर कधी तोंडी सांगितली नव्हती त्यांनी.

सुरुवात अर्थात धपाट्यांनी. मावशी बंद घरात धपाटी भाजतेय, तिळाचा वास सुटलाय. आणि एके दिवशी कुलूप निघतं. माणसं येतात, पोरगी हसते, माय भांडी आपटते, बाप खोकतो. मावशीला ही कलकल सोसत नाही. तिला बंद घर लागतं, गप्प घर लागतं. कोपऱ्यात काही दिवस काढते, पण तिला बसायला जागा उरत नाही. मग एका दुपारी ती आपला खराटा उचलते, घागर कडेवर घेते, हिरव्या दारातून बाहेर पडते आणि गल्ली ओलांडते. समोर निळं दार आहे. दारापुढं रंगाच्या डब्यात लावलेली तुळस आहे. ओट्यावर हात मोडलेली खुर्ची आहे. आत एकच माणूस राहतं, तेही फार बोलत नाही. मावशी दारात उभी राहते. आतून भात करपल्याचा वास येतो. मावशी म्हणते, इथं माझी गरज दिसते.

लाटणी थांबली. सगळ्या एकदम. बाईंचंच निळं दार, त्यांचीच तुळस, आणि ती मोडक्या हाताची खुर्ची, जिच्यावर बाई त्या वेळी बसल्या होत्या. कुणी ओरडलं नाही. कुणी "आगं माय" म्हटलं नाही. बाईंनी एकदा सगळ्यांच्या हातांकडं बघून घेतलं, उठल्या, खुर्ची उचलली आणि घरी निघून गेल्या. त्यांनी आता काय केलं ते मला दारात उभ्या उभ्या कळलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही, कारण मला लग्न हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई आमच्या दारात. हातात भाकरतुकडा. "उशीर झाला गं जरा," म्हणाल्या आणि आम्हा तिघांना उंबऱ्याबाहेर उभं करून ओवाळलं. येऊन किती दिवस झाले होते! मायनं चार शब्द सुनावले, मग दोघी गळ्यात पडून रडल्या. आठवड्यात मध्यस्थ आला. लिंबागणेशला खबर पोचली होती, गेली म्हणे ती, समोरच्या बाईकडं. आमच्या हिरव्या दारापुढं मांडव पडला. बाई लग्नाला आल्या तर बायका सरकून बसल्या. फुगे लावू दिले नव्हते मी. एवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतर बाईंच्या ओट्यावर कुणी गेलं नाही. घरी शिकवणीला येणारी पोरं बंद झाली. सीझन संपून माय घरी असली की तेवढी जायची, तीही भांडायला. मी माहेरी आले की बघायची, भर दुपारी बाई ओट्यावर एकट्याच मोठ्यानं वाचतायत. वाचता वाचता स्वतःच्याच हाताकडं बघायच्या. कादंबऱ्या येत होत्या, छापल्या जात होत्या, पेपरात नावही येत होतं. पण मला म्हणाल्या, "या दोन जमल्या नाहीत गं. कळतच नाही कुठं खोडायचं ते."

मी म्हटलं, "बाई, सांगून टाका ना ती गेली म्हणून. दुसरीकडं कुठं पाठवून द्या."

"कुणाच्या दारात पाठवू?" त्यांनी विचारलं.

मग बाई न्हाणीत घसरून पडल्या. मांडीचं हाड. बीडला ऑपरेशन झालं, घरी आणलं. सीझनचे दिवस, माय-अण्णा उसात. मी लेकरू घेऊन लिंबागणेशहून आले. कौसाबाई रोज ताट झाकून आणायच्या, ओट्याच्या कडेला ठेवायच्या, "बाई, ठिवलंय वो!" म्हणून ओरडायच्या आणि पदर सावरत पळायच्या. ताट मी आत न्यायची. पण मी किती दिवस राहणार? दुकान, सासू, घर. बाईंना अजून उठून बसता येत नव्हतं. मी गेल्यावर ओट्यावरचं ताट आत कोण आणणार, हे मला सुचत नव्हतं, आणि बाई तर तो विषयच काढू देत नव्हत्या.

शेवटी मी नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी मावशीला आपल्याकडं आणते म्हणून सांगणार हाय गल्लीत. तुमची आई काय म्हणील?"

तो म्हणाला, "आण की. पाणी तरी भरील. नळाचा काय भरवसा हाय का इथं?" मागून सासूनं फोन हिसकला. "आन, पर माझ्या खोलीत न्हाई झोपायची ती, सांगून ठिवते." लग्न मोडायला निघालेली बाई ही! मला रडावं का हसावं कळेना.

बाईंना सांगितलं, "बाई, मी मावशीला घेऊन चालले." "नीट सांग म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या.

दुपारी नळाला पाणी आलं, बायका जमल्या. मी गेले. मला काय बाईसारखं सांगता येतं? जेवू घालायचं विसरलेच. धाडकन सांगून टाकलं, "मावशीला माझ्या लेकराचा लळा लागलाय. ती माझ्याबरोबर लिंबागणेशला चालली. आता बाईच्या घरात कुनी न्हाई."

कौसाबाईंचा हात घागरीवर थांबला.

"चालली? कायमची?"

"कायमची."

"अन् मग बाईपाशी कोन?"

मला कळेना त्या काय विचारतायत. "कुनी न्हाई. म्हणून तर सांगतेय, आता भ्यायचं कारण न्हाई."

"आगं भ्यायचं जाऊ दे!" कौसाबाई कडाडल्या. "इतके दिस आमी म्हनतोय, आत हाय कुनीतरी. झाडतंय, पानी भरतंय, चूल पेटवतंय. बाईला सोबत हाय म्हनून आमी निवांत. ताट ठिवलं की तू नसलीस तरी ती आत नेईल, म्हनलं. अन् तू तिला घेऊन चालली? मोडक्या पायाच्या बाईपासनं? लाज न्हाई वाटत तुला?"

भरत आलेली घागर नळाखाली तशीच सोडून त्या निघाल्या. आमच्या गावात पाणी चालू असताना घागर सोडून जाणारी बाई मी दुसरी बघितली नाही. निळ्या दारापाशी क्षणभर थांबल्या. पदर डोक्यावर ओढून घेतला, तोंडानं काहीतरी पुटपुटल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. त्यांच्या मागं बाकीच्या.

मी पोचले तेव्हा खोलीत बायकाच बायका. कुणी बाईंची उशी सरळ करतेय, कुणी माझ्या लेकराला कडेवर घेतलंय, सगळ्या एकदम बोलतायत. बाईंनी तोंड भिंतीकडं केलं होतं आणि त्या रडत होत्या. ओरडून नाही. त्यांच्या पद्धतीनं, गप बसून.

स्वयंपाकघरातून कौसाबाईंचा आवाज आला. चहा टाकला होता त्यांनी. "बाई, हितं कप एकच दिसतोय. बाकीचे कुठं हायेत?"

बाईंनी भिंतीकडंच बघत सांगितलं, "एकच आहे. एकच लागतो."

मग कौसाबाई दारात आल्या. बाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. डोळे पुसले आणि एकीला म्हणाल्या, "जा गं, माझ्या घरनं कप घिऊन ये. सगळे आन."